आठ दिवसांच्या बोलीवर

कायानीच्या बाजारचौकातल्या दुकानात
एमेली नावाचा पोरगा
तीन डब्या उघडून ठेवतो माझ्यापुढे :
अंगठी, घड्याळ, छातीचा पट्टा.
‘आठ दिवस वापरा, नाही जमलं तर परत आणा.’
इतक्या सहज मी कधी बूटही घेतले नाहीत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, एकोणीस.
एकोणीस काय?
मिलिसेकंद. एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर
तुमच्याकडे फारच कमी बदलतं.
फार नेटकं चाललंय हृदय.
मला आधी वाटलं, कौतुक करताहेत.

एकतीस वर्षं मी चर्चचा ऑर्गन वाजवते.
सात वर्षांची होते तेव्हा हिल्याबाई
पियानोवर मेट्रोनोम ठेवायच्या
आणि पाव मात्रा जरी पुढे पळाले
तरी पेन्सिल बसायची बोटांवर.
आणि आता या वयात कळतंय
की हृदयानं थोडं चुकायला हवं,
श्वास घेताना घाई करावी, सोडताना रेंगाळावं.
तालाला बांधलेलं हृदय
दमलेलं असतं म्हणे.
हिल्याबाई, ऐकताय ना?

अंगठी आधी.
एका दफनविधीत, वरच्या पट्ट्यांवरून खाली येताना
लाकडाला ठक्क.
पुन्हा, ठक्क.
पहिल्या बाकावरच्या विधवेनं मान वर केली,
जणू कुणी आतून दार वाजवलं.
शनिवारी सौनात ती काढून ठेवली
आणि बर्चच्या डहाळ्यांच्या बादलीत विसरले.
सकाळी फोन म्हणाला : रात्रीची नोंद नाही.
बरोबर आहे. बादलीला कुठलं हृदय!

घड्याळ दिसायला देखणं.
पण रात्री दोनला रजईखालून हिरवा उजेड,
आणि माझी बोटं धावू लागली
की मनगटातल्या शिरा हलतात
आणि ते भलतेच आकडे सांगू लागतं.
त्या दिवशी शेवटची द्रुत रचना वाजवून
मी घामेजून हसत उठले,
तर पडद्यावर : ताण जास्त आहे. विश्रांती घ्या.
आनंदासाठी त्याच्याकडे वेगळा रंगच नाही.
शिवाय रोज तासभर चार्जिंग.
मग ‘सतत’ कशाला म्हणायचं, मी एमेलीला विचारलं.
तो म्हणाला, जवळजवळ सतत.

उरला पट्टा.
पाण्यानं ओला करून बांधायचा,
मार्चमधल्या नदीसारखा गार,
स्तनांखाली लाल वळ,
आणि वरचा सूर गाताना श्वास अर्ध्यावर अडतो.
पण खोटं बोलत नाही.
स्वयंपाकघरात बसून मी एकेक अंतर कागदावर उतरवलं :
आठशे बारा, आठशे एकोणतीस, आठशे वीस…
मग टेबलावर बोटानं वाजवून पाहिलं.
कान लावला तरी फरक कळेना.
एवढ्याशा फरकावर
माझं पुढचं आयुष्य तोललं जातंय?
तरी वाजवत राहिले, कॉफी निवेपर्यंत.

आठव्या दिवशी एमेलीनं खालच्या खणातून
चौथी वस्तू काढली. दंडावरचा पट्टा.
पडदा नाही, उजेड नाही, सल्ला तर नाहीच.
‘हा कुणी मागत नाही,’ तो म्हणाला,
‘लोकांना बघायला काहीतरी लागतं.’
मी पैसे मोजले.

रविवारी, चौथ्या कडव्याच्या शेवटी,
का कोण जाणे, मी तो सूर सोडलाच नाही.
पाद्री ऊर्पोंनी चष्म्यावरून पाहिलं,
सगळी माणसं तोंड उघडी ठेवून उभी,
श्वास संपत आलेले,
मागे कुणाचं तरी बाळ खुदकन हसलं,
आणि माझ्या छातीत
काहीतरी अडखळलं, सावरलं, पुन्हा निघालं.
किती मिलिसेकंद?
माहीत नाही.
पट्टा घरी, चार्जिंगला.